मशीन बिघडलेली नसते, खटका वर राहिलेला असतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पीएम विश्वकर्मा योजनेत २०२३ पासून शिंपीकाम करणाऱ्यांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. घरात मशीन येते, पण शिकवणी ब्लाउज, परकर आणि साडीच्या फॉलपाशीच थांबते. जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवणाऱ्या आपल्या वऱ्हाडात कापड हातानं फिरवत मशीनवर वाकळ भरायला, म्हणजे फ्री-मोशन क्विल्टिंग, प्रत्येक शिवणवर्गात शिकवलं पाहिजे.

मशीन पायाची किंवा मोटरची घ्यावी. हातमशीनवर एक हात दांड्यात अडकतो आणि या कामाला दोन्ही हात कापडावर लागतात. रिंग लावून मशीनवर भरतकाम करणाऱ्या बायांना यातलं अर्धं आधीच येतं. कापड ओढणारे दाते खाली करायचे. तशी सोय नसेल तर टाक्याची लांबी ठरवणारा खटका शून्यावर ठेवायचा, म्हणजे दाते हलतात पण कापड ओढत नाहीत. रिंगमधलं कापड ताणलेलं असतं, म्हणून तिथे फूट, म्हणजे सुईभोवती कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, नसला तरी भागतं. वाकळीचे थर मात्र सुईसोबत वर उचलले जातात आणि टाके सुटतात. त्यासाठी स्प्रिंगचा रफूचा फूट लागतोच.

सुरुवात १२ इंची चौकोनावर करावी: वर-खाली धुतलेलं सुती कापड, मधे जुन्या सुती साडीचे दोन थर. धुवून घेतलं नाही तर नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि चुण्या पडतात. दर चार इंचांवर सेफ्टी पिन लावावी. सुई १४ नंबरची, थर जाड असतील तर १६. खालचा दोरा सुईच्या भोकातून वर काढून दोन्ही टोकं धरावीत, जागच्या जागी तीन-चार बारीक टाके घालावेत, मग निघावं. मधून कडेकडे जावं. कडेपासून सुरू केलं की मधे फुगा राहतो.

सगळ्यात जास्त तक्रार एकच: "खाली दोऱ्याचं जाळं झालं, मशीन खराब आहे." बहुतेक वेळा मशीन ठीक असते, फूट खाली करायचा खटका वरच राहिलेला असतो. रफूचा फूट खाली केला तरी कापडावर दाबून बसत नाही, त्यामुळे हे लक्षातच येत नाही. खटका खाली आल्याशिवाय टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या वरचा दोरा धरत नाहीत आणि तो सगळा खाली ओतला जातो. खटका खाली असूनही उलट्या बाजूला वरच्या दोऱ्याचे फासे दिसले तर टेन्शन थोडं घट्ट करावं. फासे फक्त वळणावर येत असतील तर स्क्रूला हात लावू नये; वळणावर हात झटक्यानं फिरतो, तो सावकाश फिरवावा. खालच्या दोऱ्याची बॉबिन जिच्यात बसते त्या बॉबिन केसचा स्क्रू तर पाव फेऱ्याहून जास्त कधीच फिरवू नये.

पाय आणि हात यांचा मेळ बसायला वेळ लागतो. हात घाईत फिरला की टाका लांबतो, सुई वाकते आणि प्लेटवर आपटून तुटते. इंचात आठ ते दहा टाके आले की मेळ बसला समजावं. नदीच्या वळणांसारखी एकमेकींना न छेदणारी रेघ आधी पाटीवर, पेन्सिल न उचलता, काढून बघावी. हाताला वळण तिथेच लागतं.

मोठी वाकळ घेतल्यावर वजनाचा प्रश्न येतो. ती खाली लोंबली की सुईजवळचं कापड ओढलं जातं आणि टाके लहान-मोठे पडतात. डाव्या बाजूला बाज लावून भार तिच्यावर टाकावा. पिंजलेला कापूस भरला असेल तर दर बॉबिननंतर शटलमध्ये, म्हणजे बॉबिनच्या जागेत, साचलेले कापसाचे तंतू ब्रशनं काढून तेलाचा एक थेंब द्यावा.

वर्ग घेणाऱ्यांनी अभ्यासक्रमात यासाठी निदान चार दिवस ठेवावेत आणि सामानाच्या यादीत प्रत्येकीला एक रफूचा फूट नि १४ नंबरच्या सुयांचं पाकीट घालावं, ही कळकळीची विनंती.

— शिवणवर्ग घेणाऱ्या काही शिक्षिका, दर्यापूर तालुका, जि. अमरावती