नऊ लाखांचा जप आणि अकरा दिवसांची सिद्धी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवरात्र जवळ आलं की मोबाईलवर आणि पुरवण्यांतही एकच धंदा सुरू होतो, राशीनुसार बीजमंत्र, कर्जमुक्तीचा मंत्र, अकरा दिवसांत देवी प्रसन्न, आणि खाली ऑनलाइन दीक्षेचा क्यूआर कोड. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी पैसे भरले तर व्हॉट्सॲपवर दीड मिनिटाची ऑडिओ क्लिप आली, झाली दीक्षा!

मला मंत्रशास्त्राला नावं ठेवायची नाहीयेत, उलट त्या शास्त्राचाच हिशोब या लोकांपुढे ठेवायचाय. देवीचा नवार्ण, म्हणजे नऊ अक्षरांचा मंत्रच घ्या. ऐं, ह्रीं, क्लीं, चा, मुं, डा, यै, वि, च्चे, अशी मोजून नऊ अक्षरं, सुरुवातीचा ॐ त्यात धरत नाहीत. पुरश्चरणाचा, म्हणजे मंत्र सिद्ध व्हावा म्हणून ठरलेल्या संख्येने करायच्या जपाचा, प्रचलित नियम असा की जितकी अक्षरं तितके लाख जप, म्हणजे इथे 9 लाख. त्याच्या दशांश हवन, 90 हजार आहुती, मग तर्पण, म्हणजे पाणी सोडणं, 9 हजार, मार्जन, म्हणजे पाणी शिंपडणं, 900 आणि शेवटी 90 ब्राह्मणांना जेवण. माळेत मणी 108 असले तरी हिशोबाला 100च धरतात, वरचे 8 चुकीभुलीचे, तेव्हा माळा झाल्या 9 हजार. रोज 10 माळा ओढल्या तरी 900 दिवस, जवळजवळ अडीच वर्षं, तेही एक दिवस न चुकवता आणि नोकरी, पाहुणे, आजारपण सगळं सांभाळून. शिवाय बसल्यावर आधी न्यास, म्हणजे मंत्राचा एकेक भाग म्हणत एकेका अवयवाला स्पर्श करायचा, ऐं म्हणून अंगठे, ह्रीं म्हणून तर्जनी, असं करत विच्चे म्हणून करंगळीपर्यंत यायचं आणि मग हृदय, मस्तक, शिखा. आता यात अकरा दिवस कुठे बसवायचे ते त्या क्यूआर कोडवाल्यांनीच सांगावं.

दुसरीकडे तंत्र म्हटलं की लोकांना स्मशान, कवट्या आणि लिंबूच आठवतात. अहो, आमच्या कोल्हापूरच्या अंबाबाईकडेच बघा ना. दुर्गा सप्तशती या देवीच्या पोथीच्या पाठानंतर रहस्य नावाचे जे तीन भाग वाचतात त्यातल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं वर्णन आहे, हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. गाभाऱ्यातल्या मूर्तीच्या चार हातांत याच चार वस्तू आहेत! मस्तकावरच्या नागावरून इथे वाद किती पेटले ते तुमच्याच लोकांनी छापलंय, पण तो नाग तिथे का असतो हे त्या गदारोळात फार थोड्यांनी सांगितलं. आणि सप्तशतीवर 'गुप्तवती' आणि ललितासहस्रनामावर 'सौभाग्यभास्कर' ही भाष्यं लिहिणारे भास्करराय तर मराठी घराण्यातले मानले जातात, तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात कावेरीकाठी राहिले, पण त्यांचं नाव आपल्याकडे विचारा, दहातल्या नऊ जणांना माहीत नसणार.

ज्यांना एवढं जमत नाही त्यांची सोयही परंपरेनेच करून ठेवलीये. कुंजिका या देवीच्या छोट्या स्तोत्रात सरळ म्हटलंय की सप्तशतीआधी म्हणायची कवच, अर्गला, कीलक ही स्तोत्रं नकोत, न्यासही नको, नुसतं हे म्हणा आणि सप्तशतीच्या पाठाचं फळ घ्या. जोगवा मागायला कुणी दीक्षेची पावती विचारत नाही. मग काकूंकडून पैसे कशाचे घेतले?

राज्यात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, चमत्काराचे दावे करून लोकांना फसवणं आणि त्यातून पैसे मिळवणं हा त्यात गुन्हा आहे. तेव्हा 'गॅरंटीड सिद्धी'वाल्या जाहिराती घेताना तुमच्या जाहिरात विभागाने निदान तो एकदा उघडून बघावा एवढी विनंती. आणि यंदा नऊ रंगांच्या साड्यांचं एखादं पान कमी करून तिथे सप्तशतीच्या तीन चरित्रांवर, म्हणजे त्यातल्या देवीच्या तीन कथाभागांवर, कुणा जाणकाराकडून लिहून घेता येतंय का तेही बघा, साड्यांचे फोटो काय, आम्ही स्टेटसला बघतोच.

कळावे,
एक वाचक, कोल्हापूर