परसातला तलाव बंद करताना

संपादक महोदय,

न्यू जर्सीत घर विकत घेणाऱ्या काही मराठी कुटुंबांकडे घराबरोबर परसातला पोहण्याचा तलावही येतो आणि सप्टेंबरातला ‘लेबर डे’ उलटला की तो हिवाळ्यासाठी बंद करण्याची वेळ येते. नातवंडांना सांभाळायला इकडे येणारे अनेक आजी-आजोबा आपले वाचक आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

टाकी वापरात नसली की ती रिकामी करून ठेवायची, ही आपली सवय. परंतु जमिनीत बांधलेल्या तलावाच्या बाबतीत ती घातक ठरते. भूजलाची पातळी वाढली की रिकाम्या तलावाला खालून रेटा बसून तडे जातात आणि फायबरग्लासचा तलाव तर अख्खा वर उचलला जाऊ शकतो. म्हणून पाणी स्किमरच्या, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खोक्याच्या, तोंडाखाली काही इंच उतरवून बाकीचे तसेच ठेवावे. काढायचे असते ते पाइपांतले पाणी, कारण गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगते आणि जमिनीखालचा पाइप फोडते. कॉम्प्रेसरने हवा सोडल्यावर गाळलेले पाणी तलावात परत येण्याच्या तोंडातून आधी पाणी उसळते, मग नुसते बुडबुडे येऊ लागतात. त्याच क्षणी गार पाण्यात हात घालून तिथे रबरी बूच घट्ट पिळावे लागते. पाइपांत गोठणरोधक (अँटिफ्रीझ) घालायचेच असेल, तर मोटारीतले विषारी इथिलीन ग्लायकॉल कदापि वापरू नये. तलावासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे वेगळे मिळते.

मला खरी काळजी वाटते ती आच्छादनाची. पाण्याच्या पिशव्यांनी कडा दाबलेली साधी प्लास्टिकची ताडपत्री स्वस्त पडते खरी, पण तिच्यावर पावसाचे पाणी साचते, त्यावर पानगळीचा थर बसतो आणि लहान मुलाला ती जमीनच वाटते. त्यावर पाऊल पडले की ताडपत्री खचते, मूल तिच्यात गुरफटते आणि वरून काहीच दिसत नाही. अमेरिकेत १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बुडणे हे आहे. ‘एएसटीएम’ या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ‘एफ १३४६’ या मानकाचे सुरक्षा आच्छादन सुमारे २२० किलो, म्हणजे दोन मोठी माणसे आणि एक मूल, इतका भार पेलते. त्यावर पाणी साचून राहू नये, अशीही त्या मानकाची अट आहे. खर्च अधिक आहे, तरीही घरात लहान मूल असताना इथे काटकसर करणे मला मुळीच पटत नाही.

इकडे आलेल्या आजी-आजोबांनी हे मानक आच्छादनाच्या लेबलवर लिहिले आहे का, कडेचे सगळे पट्टे ताणलेले आहेत का आणि पाने गोळा करून झाल्यावर कुंपणाचे फाटक आपोआप बंद होऊन कडी लागते का, हे स्वतः पाहावे आणि तसे नसेल तर मुलाला किंवा सुनेला त्याच दिवशी सांगावे.

– एक वाचक, न्यू जर्सी