गच्चीवर भाजी करायची तर मिरगाची वाट पाहू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावच्या वडगावात राहते. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. दरवर्षी जूनचा पहिला पाऊस पडला की आमच्या गल्लीत आणि ओळखीपाळखीत गच्चीवर भाजी लावायची हौस उसळते. रोपं, कुंड्या, बियांची पाकिटं घरी येतात आणि ऑगस्टअखेर निम्म्या घरांत त्या कुंड्या पालथ्या घातलेल्या दिसतात. 'आमच्या हाताला झाड लागत नाही' असं म्हणून बायका कायमचा नाद सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. दोष हाताचा नसतो, हंगामाचा असतो. गुढीपाडवा तीन आठवड्यांवर आला आहे, म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहे.

माझं माहेर तालुक्याच्या पश्चिम भागातलं, रताळी आणि भाताचं. आमच्याकडे रोहिणीत पावसाआधीच कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी व्हायची आणि मिरगाकडे, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात लागणाऱ्या मृग नक्षत्राकडे, सगळ्यांचे डोळे असायचे. त्यामुळे मीही पहिल्या वर्षी मिरगालाच बादल्यांत भेंडी, मिरची, वांगी लावली. जुलैत आठ आठ दिवस सूर्य दिसला नाही. भेंडी पिवळी पडली, मिरचीची मुळं कुजली, वांग्याला फुलं आली आणि गळून गेली. शेतातलं पाणी जमिनीत खोल मुरतं, पाटानं निघून जातं. बादलीत मात्र तेच पाणी रोज कोसळतं, खताचा सगळा कस भोकातून वाहून नेतं आणि माती दाबून घट्ट करतं. झडीत मधमाशाही फिरकत नाहीत. आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या पावसात गच्ची ही शेतासारखी नसते, हे मला ते वर्ष वाया गेल्यावर कळलं.

पुढच्या वर्षी पाडव्याच्या आठवड्यात बी टाकलं. मेच्या पहिल्या आठवड्यात पहिली भेंडी तोडली. जूनपर्यंत दहा झाडांच्या आठ-दहा भेंड्या एका दिवसाआड मिळत होत्या. म्हणजे पाडवा ते मिरग हे पाडव्याच्या तारखेप्रमाणे साठ ते ऐंशी दिवस, तोच आपल्या गच्चीचा खरा हंगाम.

एवढ्या दिवसांत हाताशी येणाऱ्याच भाज्या निवडाव्यात. भेंडी पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत सुरू होते. चवळी आणि गवार साधारण तेवढाच वेळ घेतात. तांबडा माठ पंचवीस दिवसांत कापायला येतो. मिरची-वांग्याचं बी आता टाकून उपयोग नाही, तयार रोपं आणावीत. कोथिंबीर आणि पालक उन्हात करपतात, त्यांना दिवाळीनंतरच जागा द्यावी. दोडका लावायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा की त्याची फुलं संध्याकाळी उमलतात. दिवे लागणीच्या सुमारास नर फूल तोडून मादी फुलाला हलकेच टेकवलं तर फळ धरतं. मादी फुलाच्या मागे बोटभर दोडका आधीच दिसतो, त्यावरून ते ओळखावं.

बियांबाबत एक अनुभव सांगते. शनिवारच्या बाजारातून मी पुडी आणली, तिच्यावर कन्नडमध्ये 'चवळीकाई' असं लिहिलेलं. मला अक्षरं लागतात, म्हणून चवळी समजून सहा खोक्यांत पेरली. उगवली ती गवार! शेजारच्या कन्नड अक्कांनी समजावलं की इकडे चवळीकाई म्हणजे गवार आणि आपल्या चवळीला त्या अलसंदी म्हणतात. दोन्ही भाषा रोज कानावर असून मला हे ठाऊक नव्हतं. गवार खाल्ली, पण चवळीचा हंगाम तेवढ्यापुरता गेला. भेंडीच्या बाबतीत मात्र मी आता 'अर्का अनामिका' हेच वाण घेते. बंगळूरच्या हेसरघट्टा इथल्या बागायती संशोधन संस्थेचं हे वाण आहे. पानांच्या शिरा पिवळ्या करणारा केवडा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि उन्हाळ्यात माशी फार असते. या वाणाला तो रोग सहजी धरत नाही. बी रात्रभर भिजवून सकाळी बोटाच्या पेराएवढं खोल टोचावं.

आता भांड्यांबद्दल, कारण पैसे इथंच वाया जातात. रंगीत महाग कुंड्यांची काही गरज नाही. गोव्याकडून मासळी येते ती थर्माकोलच्या खोक्यांत. बाजारात ती खोकी अगदी थोडक्या पैशात मिळतात. धुऊन दोन दिवस उन्हात ठेवली की वास जातो. वजनाला ती पिसासारखी, आणि मुख्य म्हणजे एप्रिलमध्ये स्लॅब तापतो तेव्हा आतली मुळं भाजत नाहीत. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत माझी मिरची अक्षरशः शिजली होती. खोक्याच्या तळाला बोट जाईल अशी पाच-सहा भोकं पाडावीत आणि खाली विटांचे तुकडे देऊन ते उचलून ठेवावं, म्हणजे पाणी अडत नाही आणि स्लॅबही ओला राहत नाही. बाहेरून चुना लावावा. ऑइल पेंट लावू नये, थर्माकोल विरघळतो. भेंडी-वांग्याला फूटभर खोली हवी, माठाला वीतभरही पुरते.

वजनाचं मी मुद्दाम सांगते. नुसत्या मातीनं भरलेली वीस लिटरची बादली पाणी घातल्यावर तीस-पस्तीस किलोच्या घरात जाते. वावरायच्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून बांधतात, असं बांधकामात असलेल्या माझ्या भाच्यानं सांगितलं. वावरणाऱ्या माणसांचा भारही त्यातच आला. म्हणून खोकी मधोमध न मांडता भिंतीच्या आणि बीमच्या रेषेवर मांडावीत. माती एक वाटा, कुजलेलं शेणखत एक वाटा आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक वाटा घ्यावं. कोकोपीटची पाच किलोची वीट पाण्यात साठ-सत्तर लिटर फुगते, पण दोन पाण्यांनी धुऊन घ्यावी, खारट असते. त्यात राइस मिलमधलं भाताचं तूस दोन ओंजळी मिसळलं की मिश्रण आणखी भुसभुशीत होतं. जुन्या, भेगा पडलेल्या स्लॅबवर मात्र कुणी हा उद्योग करू नये. अंगणात किंवा परड्यात करावा.

पाणी हा सगळ्यात अवघड भाग. आमच्याकडे नळ रोज येत नाही, आणि पिण्याचं पाणी झाडांना घालायला माझं मन धजत नाही. डाळ-तांदळाचं, भाज्यांचं धुवण मी एका घागरीत साठवते आणि त्याच दिवशी वापरते. एप्रिलमध्ये एका खोक्याला रोज लिटर-दीड लिटर लागतं, त्यामुळे घरात जेवढं धुवण निघतं तेवढीच खोकी ठेवावीत. माझी दहा आहेत, त्यापेक्षा वाढवलेली नाहीत. मातीवर दोन बोटं जाड आच्छादन घातलं की पाणी जवळजवळ निम्मं वाचतं. या दिवसांत चौकाचौकांत उसाच्या रसाचे गाडे लागतात, त्यांचं चिपाड मागून आणावं. गोडीमुळे मुंग्या लागतात, म्हणून ते रात्रभर पाण्यात बुडवून, वाळवून मगच पसरावं. मुंग्या आल्या की पाठोपाठ मावा येतो, मुंग्याच त्याला वाहून आणतात. मावा दिसला तर लिटरभर पाण्यात चमचाभर निमतेल आणि थोडा साबण घालून ऊन उतरल्यावर फवारावं. शेंगदाण्याची पेंड तीन दिवस भिजवून, दसपट पाणी घालून दर पंधरा दिवसांनी दिली की झाड काळंभोर होतं. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं.

बारा ते चार ऊन फार चढतं. मी जुन्या सुती साड्या दोन बाजूंच्या दोऱ्यांवर टाकते. वडगावात विणकरांची घरं, जुन्या सुती साड्यांना तोटा नाही. पण दुपारनंतर पूर्वेला आभाळ काळं झालं की त्या ताबडतोब उतरवाव्या लागतात. मागच्या वर्षी वळवाच्या पहिल्या वाऱ्यानं साडीसकट दोरी तुटली आणि चार वांगी मुळासकट आडवी झाली. गारा पडल्या तेव्हा तर मी आणि सूनबाई स्वयंपाकघरातल्या पराती डोक्यावर धरून खोकी भिंतीच्या कडेला ओढत होतो. सहा वाचली.

मिरग लागला की भेंडी संपवावी आणि तीच खोकी हळद आणि अळूला द्यावीत, त्यांना झड सोसते. हळदीची पानं गौरी-गणपतीत पातोळ्यांना कामी येतात.

माझी आपल्याला एक विनंती आहे. आपण पंचांग, बाजारभाव, नळ कधी येणार हे छापता. त्याच पानावर पाडव्याच्या आधी आपल्या हवामानाला धरून एक लहानसा तक्ता छापावा: कुठली भाजी कधी लावायची, किती खोल मातीत, किती दिवसांत येते. अरभावीच्या बागायती महाविद्यालयात किंवा मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारलं तर ते नीट तपासून देतील. पुण्या-मुंबईचे तक्ते इथं लागू पडत नाहीत. आणि प्रत्येक भाजीचं नाव मराठी आणि कन्नड दोन्हीत द्यावं, म्हणजे बाजारात पुडी घेताना कुणाचा हंगाम जाणार नाही.

कळावे.
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, वडगाव, बेळगाव