नाताळच्या झाडांचा गुणाकार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी आपल्या मोकळ्या जमिनीत नाताळची झाडे लावावीत, असे सुचवणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. एकरात सतराशे झाडे, झाडाला ऐंशी डॉलर, म्हणजे एकरी एक लाख छत्तीस हजार डॉलर, हा त्यातला गुणाकार म्हणून बरोबर आहे. पाच बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरात तेवढी रोपे बसतात, आणि शहरातील विक्रीच्या जागेवर सहा-सात फुटी झाडाला साधारण तेवढा भाव मिळतोही. मी नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात, वॉटॉगा काउंटीत राहतो. आमचे शेजारी पिढ्यान्‌पिढ्या हेच पीक घेतात आणि छाटणीच्या दिवसांत त्यांच्या मळ्यांत मीही हात लावला आहे. या गुणाकारात झाडाचे वय धरलेले नाही आणि माणसाची मेहनत तर मुळीच धरलेली नाही, एवढे लक्षात आणून देण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडचे झाड म्हणजे फ्रेझर फर. दक्षिण ॲपलाचियन पर्वतरांगेतील उंच शिखरांवर ते मुळातच रानात वाढते. नाताळच्या झाडांच्या उत्पादनात ऑरेगननंतर आमच्या राज्याचा क्रमांक लागतो, तो जवळजवळ पूर्णपणे या एका झाडाच्या जोरावर. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीन वादळाने डोंगर आणि रस्ते वाहून नेल्यानंतर दोनच महिन्यांनी व्हाइट हाउसमधले मुख्य झाड शेजारच्या ॲव्हरी काउंटीतून गेले, याचा इथे सगळ्यांना अभिमान आहे. पण हे झाड वाढते फार सावकाश. बी पेरल्यापासून रोप शेतात लावण्याजोगे व्हायला रोपवाटिकेत चार-पाच वर्षे जातात, आणि शेतात लावल्यावर ते सहा-सात फुटांचे व्हायला पुढे आणखी सहा ते आठ वर्षे लागतात. रोपे विकत आणली तरी ही दुसरी मुदत चुकत नाही. त्या काळात खर्च दरवर्षी होतो, उत्पन्न मात्र शून्य असते. शिवाय हे झाड थंड हवेचे आहे. समुद्रसपाटीपासून साधारण तीन हजार फुटांच्या खाली, आमच्याच राज्यातल्या राली आणि कॅरी शहरांच्या परिसरात, जिथे बरीच मराठी मंडळी राहतात, तिथे त्याचा निभाव लागत नाही. त्या भागातले मळेवाले व्हर्जिनिया पाइन, लेलँड सायप्रस किंवा तांबडा सीडर लावतात, आणि फ्रेझर फर हवेच असेल तर डोंगरातून तोडलेली झाडे आणून आपल्या आवारात विकतात. लेखात या फरकाचा उल्लेखही नव्हता, हे मला सर्वांत खटकले.

‘मोकळी जमीन’ या शब्दांवर लेखकाची सारी भिस्त आहे. जमीन मोकळी का राहिली, हे मात्र आधी पाहावे लागते, कारण बहुतेक वेळा ती पाणथळ असते म्हणून इतर कुणी तिला हात लावलेला नसतो. फ्रेझर फरच्या मुळांना साचलेले पाणी अजिबात चालत नाही. ओल्या, चिकण जमिनीत फायटोफ्थोरा नावाचा रोगकारक मुळे कुजवतो आणि झाड खालच्या फांद्यांपासून तांबूस होत मरते. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना हे नाव सांगायला नको, कारण डिंक्या आणि मूळकूज घडवून आणणारी मंडळी याच प्रजातीतली आहेत. फ्रेझर फरच्या बाबतीत आमचा अनुभव असा आहे: रोगाने एकदा जमीन धरली की ती सुटत नाही, औषधाने झाड बरे होत नाही, आणि त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावले तर तेही जाते. काही जण रोगाला दाद न देणाऱ्या जपानी मोमी फरच्या खुंटावर फ्रेझरचे कलम बांधतात, परंतु अशी कलमे साध्या रोपांपेक्षा बरीच महाग पडतात. म्हणून उताराची, निचऱ्याची, किंचित आम्ल जमीन असेल तरच या पिकाचा विचार करावा, आणि रोपांची मागणी नोंदवण्यापूर्वी माती तपासून घ्यावी. आमच्या राज्याच्या कृषी खात्याची प्रयोगशाळा वर्षातले बरेच महिने ही तपासणी विनामूल्य करून देते, आणि प्रत्येक काउंटीतील कृषी विस्तार कार्यालयात या पिकाबद्दल विचारण्याचेही पैसे पडत नाहीत.

आता मेहनतीविषयी. नाताळच्या झाडाचा जो रेखीव शंकू आपण दुकानात पाहतो, तो आपोआप तयार होत नाही. रोप शेतात रुजल्यावर दोन-तीन वर्षांनी छाटणी सुरू होते आणि ती तोडणीपर्यंत दरवर्षी करावी लागते. फरची छाटणी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत चालते, पाइनची त्याआधी, नवे कोंब कोवळे असतानाच उरकावी लागते. हातात लांब पात्याचा सुरा, पायाला संरक्षक पत्रे आणि उतारावर एकामागून एक हजारो झाडे, असे ते काम असते. शेंड्याला एकच कोंब राखून तो साधारण एक फुटावर कापायचा, शेजारी दुसरा शेंडा डोके वर काढत असेल तर तो उडवायचा, आणि मग झाडाभोवती फिरत सुऱ्याच्या फटक्यांनी बाजू उतरत्या करायच्या. झुडपांच्या बुडाशी गांधीलमाश्यांची पोळी असतात, हे पहिल्याच दिवशी कळते. मोठ्या मळ्यांत हे काम हंगामी व्हिसावर आलेले मेक्सिकन कामगार करतात, आणि त्यांचा हात ज्या वेगाने चालतो तो पाहिल्यावर शनिवार-रविवारी जमेल तसे करण्याचा विचार माणूस सोडून देतो. दोन एकरांवर ते अशक्य नाही, मात्र सुट्टीत भारतात जाण्याचे महिने नेमके हेच असतात.

तणाचाही प्रश्न आहेच. आमच्याकडचे शेतकरी जमीन उघडी बोडकी ठेवत नाहीत. तणनाशक अगदी कमी मात्रेत फवारून उंच गवत खुरटे ठेवतात आणि पांढऱ्या क्लोव्हर या बुटक्या वनस्पतीला पसरू देतात, त्यामुळे उतारावरची माती वाहून जात नाही. किडींमध्ये लाल कोळी आणि खवले कीड नेहमीच्या आहेत. माव्याच्या जातकुळीतली, युरोपातून आलेली एक केसाळ पांढरी कीड मात्र सर्वांत घातक आहे. १९५७ मध्ये आमच्या राज्यातल्या माउंट मिचेल शिखरावर ती सापडली आणि पुढच्या काही दशकांत तिने शिखरांवरची फ्रेझर फरची जुनी जंगले वाळवून टाकली. मळ्यातही ती येते, त्यामुळे झाडे नियमितपणे न्याहाळणारा माणूस लागतो.

विक्रीबाबत लेखकाने किरकोळ भाव धरला आहे, पण तो भाव शेतकऱ्याच्या हाती येत नाही. ठोक व्यापाऱ्याला झाड देणाऱ्याला त्यातला लहान हिस्सा मिळतो. पूर्ण भाव हवा असेल तर गिऱ्हाईकाने मळ्यात येऊन झाड निवडायचे आणि तोडायचे, ही पद्धत ठेवावी लागते. मग मोटारी उभ्या करायला जागा, स्वच्छतागृह, जाळी गुंडाळण्याचे यंत्र, कुणाला इजा झाल्यास विमा, आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या चार आठवड्यांत सगळ्या घराची उपस्थिती, हे ओघाने आलेच. भावाचे चक्रही विचित्र आहे. या शतकाच्या सुरुवातीला झाडे गरजेपेक्षा जास्त लावली गेली, २००८ च्या मंदीत भाव पडले, अनेकांनी नवी लागवड थांबवली, आणि त्यामुळे झाडांचा तुटवडा २०१६ नंतर जाणवू लागला. आज चढे भाव पाहून लावलेले झाड बाजारात येईल तेव्हा भाव काय असेल, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यातच बहुसंख्य अमेरिकन घरांत आता चीनमध्ये बनलेले प्लास्टिकचे झाड उभे राहते. जाहिरातीसाठी शेतकऱ्यांनीच प्रत्येक झाडामागे पंधरा सेंट वर्गणी देण्याची योजना २०११ मध्ये आली, तेव्हा ‘नाताळावर कर’ अशी ओरड होऊन ती स्थगित झाली आणि २०१४ च्या कृषी कायद्यानंतर पुन्हा सुरू झाली. वर्षाला पाचशेपेक्षा जास्त झाडे विकणाऱ्यालाच ती लागू आहे.

हे सगळे असूनही ज्याला हे पीक मनापासून करावेसे वाटते त्याने जरूर करावे. फक्त सगळी जमीन एकाच वर्षी भरू नये. आठ भाग पाडून दरवर्षी एक भाग लावला, तर आठव्या-नवव्या वर्षापासून दरसाल थोडी झाडे विकायला मिळतात, छाटणीचे काम आवाक्यात राहते आणि पहिल्या वर्षीच्या चुका सगळ्या मळ्यात पसरत नाहीत. सहा वर्षांहून जास्त वयाच्या अशा झाडांच्या विक्रीवर अमेरिकी करकायद्यात इमारती लाकडाप्रमाणे भांडवली नफ्याची सवलत मिळू शकते. तिच्याबद्दल लागवडीपूर्वीच करसल्लागाराशी बोलून खर्चाच्या नोंदी ठेवाव्यात.

लेखाच्या शेवटी भारतातील नातेवाइकांनीही अशा मळ्यांत ‘झाडामागे’ पैसे गुंतवावेत, असे सुचवले आहे. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. नव्वदच्या दशकात सागवान लागवडीच्या कंपन्यांनी नेमका हाच हिशेब मांडून मध्यमवर्गीयांचे पैसे गोळा केले होते आणि शेवटी १९९९ मध्ये सेबीला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. सातासमुद्रापलीकडच्या उतारावरचे आपले झाड जिवंत आहे की नाही, हे सांगली-सोलापुरातल्या माणसाने कसे तपासावे?

वसई किंवा गोव्यात ज्यांच्याकडे थोडी जागा आहे, त्यांनी फरच्या नादी लागू नये. ते झाड तिथल्या हवेत जगणार नाही. तिथे नाताळात पूर्वापार सुरूची फांदी उभी करतात, आणि रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीतले ॲरोकेरिया विकले जाते. त्याचे कलम करणाऱ्यांनी उभ्या शेंड्याचेच करावे, कारण बाजूच्या फांदीपासून केलेले रोप वर न जाता आडवेच वाढत राहते आणि ते नाताळात कुणी विकत घेत नाही.

आपला,
एक वाचक
वॉटॉगा काउंटी, नॉर्थ कॅरोलिना