उसातला बिबट्या

गोरेगाव, मुंबई

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, त्या दिवशी फोनवर तुम्ही विचारलंत, रात्री-बेरात्री जनावरांचे फोटो कशाला काढतेस? फोनवर सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

२००१ ते २००३च्या त्या रात्री आठवतात? जुन्नर तालुक्यात बिबट्याचे हल्ले चालू होते आणि थ्री-फेज लाइट यायची ती रात्रीची. तुम्ही बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाण्याची दारं धरायला जायचात. आई कडी लावून मला झोप म्हणायची. ती स्वतः जागी असायची, हे बांगड्यांच्या आवाजावरून कळायचं. मी बिबट्याला घाबरते असं सगळे म्हणत. मी तर सकाळी बाबा परत येतील की नाही, एवढाच विचार करत पडलेली असायचे. मग पुण्याला मावशीकडे शिकायला गेले. तिथे ऊस नव्हता, बिबट्या नव्हता, पण रात्री तशाच जात.

पुढे बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांचं संशोधन वाचलं. पकडलेले बिबटे अनोळखी रानात नेऊन सोडल्यावर आपल्याकडे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, असं त्यांना आढळलं. मुलुख तुटलेलं जनावर. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. ज्याला मी इतकी वर्षं घाबरले, तोही कुठून तरी उचलून आणलेला असू शकतो, हे तोवर मनात आलंच नव्हतं.

आता आरे कॉलनीच्या कडेला, वनखात्याच्या परवानगीने, झाडाला गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा बांधते. समोरून ऊबदार अंगाचं काही गेलं की तो आपोआप फोटो घेतो. कुत्री येतात, उदमांजर येतं, बिबट्या क्वचित. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे, त्यामुळे कोण आलं ते ओळखता येतं. आई, पिल्लं दीड-दोन वर्षांची झाली की मादीपासून सुटतात आणि तरुण नर आपली हद्द शोधत हिंडतो. असा एक मिळालाय, वाटेवर थांबून मागे वळून बघणारा. तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय.

जपानमध्ये मासाहिसा फुकासे नावाचे फोटोग्राफर होते. संसार मोडल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं कावळे टिपले. ते फोटो बघताना कावळ्यांपेक्षा त्यांना बघणारा माणूसच जास्त जाणवतो. माझ्या फोटोंत मी तशी दिसावी, त्या घरातली जागी मुलगी दिसावी, असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीला येते आहे. बाबा, लाइटची पाळी रात्रीची असेल तर मला शेतावर बरोबर न्या. पाण्याच्या मोटारीपाशी बसलेल्या तुमचा फोटो हवाय. आई, त्या रात्री तू अंधारात काय करत असायचीस, कोणाला हाक मारावीशी वाटायची, ते आठवेल तेवढं सांगशील?

तोवर बाबा, एकट्याने जाऊ नका. शेजारच्या तात्यांना हाक मारा, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावून ठेवा आणि उसाच्या कडेला वाकून किंवा उकिडवे बसून काम करू नका.

तुमची,
रूपा