स्क्रीनवरच्या त्या फोन नंबराबद्दल गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

विषय: संगणकावर येणाऱ्या खोट्या 'टेक सपोर्ट' इशाऱ्यांबाबत

महोदय,

नाशिकमध्ये माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. लोक लॅपटॉप पिशवीत घालून आणतात आणि दबक्या आवाजात सांगतात, "आत कुणीतरी घुसलंय." झाकण उघडलं की भोंगा सुरू. स्क्रीनभर निळं पान, मायक्रोसॉफ्टचा लोगो, 'तुमचा संगणक लॉक केला आहे' अशी धमकी, खाली टोल फ्री नंबर. वर एक बाई इंग्रजीत बजावत असते, संगणक बंद करू नका.

हे साधं वेबपेज असतं. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की बहुतेक वेळा फुल स्क्रीन सुटते. नाहीच सुटली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा आणि परत उघडताना 'जुनी पानं रिस्टोअर करू का' याला नाही म्हणायचं. एवढ्या कामाचे मी पैसेही घेत नाही.

पैसे जातात ते नंबर फिरवल्यावर. पलीकडचा माणूस अदबीनं बोलतो, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे दुरून आपला संगणक चालवू देणारं सॉफ्टवेअर टाकायला लावतो आणि 'इव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही उघडून लाल-पिवळ्या खुणांची रांग दाखवतो. "बघा काका, केवढे व्हायरस!" अशा नोंदी धडधाकट विंडोज संगणकातही असतात, माझ्या दुकानातल्या मशीनवर मी त्या उघडून दाखवतो, तेव्हा कुठे लोकांना पटतं. पण तोवर 'सुरक्षा शुल्क' भरून झालेलं असतं, आणि ते भरताना उघडलेलं बँकेचं खातंही त्या माणसानं पाहिलेलं असतं.

आता मुद्द्याचं. सरकारी जनजागृतीचा सगळा भर येणाऱ्या फोनवर आहे. ओटीपी देऊ नका, अनोळखी कॉलवर विश्वास ठेवू नका, 'डिजिटल अरेस्ट'ला घाबरू नका. मध्यंतरी तर प्रत्येक कॉलआधी अमिताभ बच्चन यांच्या आवाजात ताकीद ऐकू यायची. ते योग्यच होतं. पण इथे फोन माणूस स्वतः लावतो, त्यामुळे त्याला वाटतं आपण कंपनीशीच बोलतोय. त्या ताकिदीशी आपला संबंध आहे हे त्याच्या ध्यानातच येत नाही. मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट सांगितलंय की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एवढं एक वाक्य मराठीत एसटी स्टँडवर, बँकेत पेन्शनच्या रांगेसमोर आणि सेवा केंद्रांत लावायला किती खर्च येईल?

दुसरी अडचण पोलीस ठाण्यातली. पैसे गेले तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, लगेच फोन केला तर रक्कम वाटेत अडवताही येते. पण वेळीच सावध झालेला माणूस तक्रार घेऊन गेला की त्याला विचारतात, "पैसे गेले नाहीत ना? मग कशाला?" साहेब, तो नंबर चालूच असतो की! पुढचा कुणीतरी तोच फिरवणार. अशा स्क्रीनचा फोटो ठाण्यात घ्यावा आणि नंबर त्याच दिवशी बंद करण्यासाठी पुढे जावा, असा लेखी आदेश काढा.

आणि फसवणुकीची ही दुकानं आपल्याकडेच थाटली जातात. अमेरिकी करअधिकारी असल्याची बतावणी करणारी मीरा रोडची कॉल सेंटर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी उघडी पाडली. ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, इगतपुरीच्या एका रिसॉर्टवर सीबीआयनं छापा घातला. तिथून अ‍ॅमेझॉनची ग्राहकसेवा असल्याचं भासवून परदेशी लोकांना लुबाडत होते. इतकी माणसं रात्रभर हेडफोन लावून बसतात, तर स्थानिक पोलिसांना आधी कसं कळत नाही, हे मला कोडंच आहे.

गिऱ्हाइकांच्या स्क्रीनचे फोटो मी नंबरांसकट जपून ठेवलेत. ते कुठल्या अधिकाऱ्याकडे द्यायचे, तेवढं कळवावं.

आपला,
एक संगणक दुरुस्ती दुकानदार, नाशिक