ताजमहालाच्या फोटोऐवजी एकदा ही चित्रं छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

वारसा सप्ताह आला की सगळ्या पेपरांत ताजमहालाचा तोच फोटो येतो, पुढे पाणी आणि मागे घुमट. या वर्षी त्याऐवजी आग्र्याच्या चितारींनी ताजच्या नक्षीकामाची काढलेली वॉटरकलर चित्रं छापा ना, मोठी आणि रंगीत, एवढीच विनंती करायला हे पत्र लिहितेय.

१८०३ मध्ये आग्रा इंग्रजांकडे गेलं आणि पुढच्या काही दशकांत तिथे येणाऱ्या साहेब लोकांना स्थानिक चितारी ही चित्रं करून द्यायला लागले. कॅमेरा अजून यायचा होता. पूर्ण इमारतीची चित्रं तर आहेतच, पण मला जास्त आवडतात ती नुसत्या एका तुकड्याची, म्हणजे मुमताजच्या कबरीवरची वेल, जाळीचा एक कोपरा, भिंतीच्या खालच्या पट्टीतलं एखादं फुलझाड. यातली बरीच आज लंडनला ब्रिटिश लायब्ररी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि ऑनलाइन बघता येतात, झूम करून नक्की बघा. संगमरवरासाठी बहुतेक ठिकाणी कोरा कागदच ठेवलाय आणि त्यावर लाजवर्द दगडाचा निळा, अकीक दगडाचा लाल असे रंग इतके नेटके भरलेत की रेघ कुठे हललेली दिसत नाही. मूळ पच्चीकारीत, म्हणजे संगमरवरात रंगीत दगड बसवण्याच्या कामात, एकाच पाकळीत गडद आणि फिक्या अकिकाचे तुकडे शेजारी शेजारी बसवून छटा आणलीय, आणि चितारी ब्रशने तीच छटा धरतो! पट्टीतली फुलं मात्र जडवलेली नाहीत, ती दगडातच उठावात कोरलीत, म्हणून तिथे हलक्या करड्या रंगाने सावली दिलीय. दगडाचं काम कसं झालंय हे कळल्याशिवाय असं काढताच येत नाही.

पुढे १८५० च्या सुमारास डॉ. जॉन मरे यांच्यासारख्यांनी ताजचे फोटो काढले, पण ते ब्लॅक अँड व्हाइट, त्यात लाजवर्द आणि अकीक वेगळा कसा ओळखायचा? आणि हे दगड जागेवर राहतातच असंही नाही. दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-आममधल्या सिंहासनामागचे जडावाचे पॅनेल १८५७ नंतर उखडून लंडनला नेले होते, ते व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या काळात परत आले. म्हणून मला वाटतं की या चित्रांकडे नुसती सुंदर म्हणून नाही तर पुरावा म्हणूनही बघायला पाहिजे.

सगळ्यात जास्त खटकतं ते हे की चित्राखाली बहुतेक वेळा 'कंपनी शैली (म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात साहेब लोकांसाठी काढलेली), चित्रकार अज्ञात' एवढंच असतं. आग्र्याच्या शेख लतीफसारखी थोडीच नावं टिकली, बाकीच्यांचं कुणी लिहूनच ठेवलं नाही.

आपल्याकडचं एक नाव मात्र टिकलंय आणि तेही आपण विसरलोय. पुण्याचे गंगाराम तांबट. १७९० च्या दशकात पेशवे दरबारातले इंग्रजांचे वकील, म्हणजे राजदूत, चार्ल्स मॅलेट यांच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा चालायची, जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिथे शिकवायचा, आणि तिथले हे गंगाराम. मॅलेटसाठी त्यांनी वेरूळची लेणी काढली, कार्ल्याचीही काढली. ती चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. शनिवारवाडा बघायला रोज एवढी माणसं येतात, त्यांना या चित्रशाळेबद्दल कोण सांगतं?

मूळ चित्रं परत आणा असं मी म्हणत नाहीये, ते लगेच होणारं काम नाही. पण चांगल्या मोठ्या प्रिंट करून पुण्यात आणि छत्रपती संभाजीनगरला प्रदर्शन भरवता येईल, गंगारामांचं वेरूळ आणि आग्र्याची फुलं एकत्र, आणि शेजारी दगडात काम करणारे कारागीर बसवा म्हणजे पोरांना हातकाम समोर बघता येईल. पुरातत्त्व खात्याने आणि आर्ट कॉलेजांनी मनावर घ्यावं. आणि सुरुवात म्हणून तुमच्या रविवार पुरवणीचं एक पान द्या, चित्रकाराचं नाव माहीत असेल तिथे ते ठळक छापून.

आपली नियमित वाचक,
पुणे